राई तोडली तेव्हा गप्प का होता?

देवराईवर, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानावर, चार शब्द बोलले की कोल्हापुरातली निसर्गप्रेमी मंडळी हमखास हे विचारतात. ही आजऱ्याकडची बाई, माहेरची रवळनाथाची राई डोळ्यांदेखत गेली, आणि हिनं तोंड उघडलं नाही? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

त्या राईत मी तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. बाईमाणसानं आत जायचं नाही, ही आमच्या गावची रीत. सगळीकडं अशी नसते, आमच्यात होती. भाऊ आत जाऊन जांभळं खायचे. ती आतच खायची, बाहेर आणायची नाहीत. आम्ही पोरी गडग्याबाहेर, म्हणजे राईभोवतीच्या दगडी कुंपणाबाहेर उभ्या. आमचं रान वेगळं, सरपणाचं. कोयता, चुंबळ आणि मान मोडणारी मोळी.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकानं गावांनी जंगल कसं राखलं, ते त्यातून पुढं आलं. धाक खराच होता. सरपणाला डोंगर चढणारी माझी आई राईतून गडग्याबाहेर पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. तीही राखणच झाली की. बैठकीत मात्र तिला जागा नव्हती.

ती बैठक उन्हाळ्यात भरली. मी लेकरांना घेऊन माहेरी आले होते. जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, मुंबईकरांची देणगी पुरत नाही, तर राईतली झाडं विकायची. देवाला कौल लावला. आम्ही बायका पायरीखाली, दारातून दिसेल तेवढं बघत. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, झाडं तुझी, देऊळबी तुझंच." डावी पडली. म्हणजे नको. पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. कुणीतरी म्हणालं, जरा दमानं घेऊया. मग चहा झाला. चहानंतर उजवी पडली आणि लगेच गुलाल उधळला.

तेव्हा बोलायचं होतं, असं तुमचं म्हणणं. कुणाशी? भावकीतले सगळे आत बसलेले, आणि मी दिलेली लेक, म्हणजे गावची पाहुणी. हे कारण खरंच आहे, पण सगळं कारण एवढंच नाही. मला त्या राईचा राग होता. ज्या जागेला माझा विटाळ होतो ती गेली तर माझं काय गेलं, असं पायरीखाली उभी असताना मनात आलं होतं. तेव्हाच्या त्या बाईला मी आज पर्यावरणाचे धडे देऊ बघते. झरा आटला, गारंबीचा वेल गेला, धनेश येईनासे झाले, सगळं सांगते. ती म्हणते, झरा तरी कुठं बघू दिला होता मला?

तोड झाल्यावर निरोप आला, फांद्या न्यायला बायकांनी यावं. आता राईच नाही तर सोवळं कसलं! तेव्हा मी पहिल्यांदा आत गेले. आत म्हणजे काय, सगळं उघडंच. ऐन-जांभळाची खोडं ओलीकच्च, आणि हाताएवढ्या लांब गारंबीच्या शेंगा पायाखाली कडाकड मोडत होत्या. बायका भराभर मोळ्या बांधत होत्या. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. त्या वर्षी पावसाळ्याचं सरपण घराजवळ मिळालं. आईनं गडग्यापाशी चपला काढल्या, अनवाणी आत आली, सगळीकडं हिंडली आणि रिकाम्या हातानं परत गेली. मी विचारलं, "आता काय उरलंय म्हणून चपला काढल्यास?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुढं विचारायची सोय राहिली नाही.

देवळावर आता स्टीलचे कठडे आहेत. मांडवात बायकांना बसायला वेगळी जागासुद्धा केली आहे.

आमच्या शेजारच्या गावची राई अजून शाबूत आहे. 'राई वाचवा' कार्यक्रमात बोलायला त्यांनी मला बोलावलंय. सभा गडग्याबाहेर, कारण तिथंही तीच रीत. भाषणानंतर मला आत येऊ द्याल का, असं मी कळवलंय. बैठकीत ठेवतो म्हणालेत.