केस पेपरवरची एक ओळ

"चारा कापायच्या मशीनमध्ये, घरी." केस पेपरवरच्या या एका ओळीनं आमचे पाच आठवडे खाल्ले. आमच्यातल्या एका कामगार पोराचा हात अडकला होता जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, रात्रपाळीत, माझ्यापासून दहा पावलांवर. त्याच्या घरी चारा कापायचं मशीनच नाही. गुरंही नाहीत.

मी जळगाव जिल्ह्यात धरणगाव-एरंडोल पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. गोष्ट जानेवारी २०२३ ची, ऐन सीझनची. रात्री दोन वीसला चौदा नंबरच्या जिनवर (सरकी काढायच्या मशीनवर) ऑटोफीडरची, म्हणजे कापूस आपोआप आत सोडणाऱ्या भागाची, साखळी अडली आणि मोकळी करायला पोरानं हात घातला. साखळीवरचं कव्हर जागेवर नव्हतं. ते माझ्या वर्कशॉपमध्ये पडून होतं, बोल्ट मागवले होते, आले नव्हते. हे मी नंतर जबाबात जसंच्या तसं लिहून दिलं. "भाऊ, मना हात अटकना," एवढंच मला ऐकू आलं. बाकीचे त्याला ओढायला धावले. मी ओरडून त्यांना थांबवलं. आधी त्या रांगेचा मेन पाडला, कोणी परत चालू करू नये म्हणून पॅनलपाशी एक माणूस उभा केला, मग पाना लावून साखळी ढिली केली आणि चाक हातानं उलटं फिरवलं. हात निघाला. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. ओढला असता तर पंजा फाटला असता. फीडरमधल्या कापसावर लाल डाग पसरत चालला होता आणि पलीकडची रांग तशीच धडधडत होती.

१०८ ला फोन केला. गाडी यायला वेळ लागेल असं वाटलं, म्हणून जिनिंगच्या पिकअपमधून त्याला घेऊन फाट्यापर्यंत सामोरे गेलो आणि तिथे त्याला अँब्युलन्समध्ये घेतलं. आतल्या डॉक्टरनं विचारलं, मी सांगत गेलो, त्यांनी एका छापील कागदावर लिहिलं. खाली कार्बन होता. त्या कागदाकडे तेव्हा माझं लक्षही नव्हतं.

दवाखान्यात पोचल्यावर मी इंजेक्शन आणायला मेडिकलवर धावलो. मागून आलेला मुकादम पोराजवळ थांबला. डॉक्टरांनी "कसं लागलं" विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं, "चारा कापानी मशीनमा, घर." पोलीस केस होईल, शेठ आपल्याला पुढच्या सीझनला बोलावणार नाही, ही त्याची भीती. पोरगा अर्धवट शुद्धीत. ओळ लिहिली गेली.

त्यामुळे सगळ्यात आधी हेच सांगतो. तुमचा माणूस दवाखान्यात नेला तर डॉक्टर विचारतील तेव्हा अपघात पाहिलेला माणूसच जवळ हवा. औषध आणायला दुसऱ्याला पाठवा. कागद हातात आला की उजेडात नेऊन वाचा.

मला ती ओळ कळली बाराव्या दिवशी. त्याआधीचे दोन दिवस मी ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, मागे घालवले. तिथे मला नीट समजावून सांगितलं की फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना ईएसआयच्या तेव्हाच्या १९४८ च्या कायद्यात हंगामी धरला जायचा आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू होत नव्हता. अशा ठिकाणी तेव्हा १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागायचा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे), भरपाई मालकानं द्यायची. आमच्या जिनिंगनं त्यासाठी विमा काढलेला होता. मला वाटलं, सुटलो.

विमा कंपनीच्या माणसानं फाइल उघडली, केस पेपर पाहिला आणि फाइल बंद केली. "अपघात घरी झालाय. यात आमचं काही नाही." मुनीमजींनीही तेच धरलं. वर हजेरीपुस्तक दाखवलं, त्यात पोराचं नावच नव्हतं. "तो मुकादमाचा माणूस." मग शंभराच्या स्टॅम्पवर चाळीस हजारांत हक्क सोडून देण्याचा कागद पुढे आला. पोराची माय सही करायला तयार होती. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. मी म्हटलं, "माय, आठ दिवस थांब." ते आठ दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे झाले आणि रोज तिच्या तोंडाकडे बघताना मला धास्ती वाटायची की मी तिचे चाळीस हजारही घालवतोय.

आता दवाखान्यातली ती खिडकी, जिथे केस पेपर दुरुस्त करून घ्यायला मी फेऱ्या मारल्या. रेकॉर्डची खिडकी अकराला उघडायची, एकला बंद. आमच्या गावाहून पहिली एसटी धरली तरी नंबर लागेपर्यंत साडेबारा. पहिल्यांदा गेलो, अर्ज लिहून नेला: केस पेपरवरची चुकीची नोंद दुरुस्त करावी. आतल्या बाबूंनी वाचला आणि परत सरकवला. "लिहिलेलं खोडता येत नाही." दुसऱ्यांदा पोराला घेऊन गेलो, पट्टी बांधलेला हात खिडकीसमोर धरला. उत्तर तेच. तिसऱ्यांदा सांगितलं, ज्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांच्याकडून लिहून आणा. ते रात्रपाळीला होते. रात्री गेलो तर त्यांची बदली झालेली. चौथ्यांदा प्रतिज्ञापत्र करून नेलं. त्यावर आवकचा शिक्का मिळाला, पुढे काही नाही. प्रत्येक फेरीत माझा एक खाडा, पोराचं दुखणं आणि दोघांचं भाडं. एकदा तर एकला पाच मिनिटं असताना आमचा नंबर आला आणि झडप खाली आली. मी त्या झडपेवर हात आपटला. पोरगाच मला बाजूला घेऊन गेला, डाव्या हातानं.

आज मला कळतं की बाबू चूक नव्हते. जुनी नोंद खोडता आली असती तर उद्या कोणीही मालक खरी नोंद खोडून घेईल. चूक माझ्या अर्जात होती. पण एवढ्या पाच फेऱ्यांत "तुम्ही चुकीची गोष्ट मागताय, ही मागा" असं एक वाक्य कोणी बोललं असतं, तर काय बिघडलं असतं? हा राग माझा अजून गेलेला नाही.

ते वाक्य बोलली दवाखान्यातली एक म्हातारी सिस्टर, चहाच्या टपरीवर. "दादा, बदलून मागू नका. पूर्ण फाइलची प्रमाणित प्रत मागा. मागची-पुढची, जोडलेले सगळे कागद." सहाव्या फेरीत तसा अर्ज दिला. चौथ्या दिवशी प्रत मिळाली. केस पेपरच्या मागे टाचलेला होता अँब्युलन्सचा तो कार्बनचा कागद. निळ्या पुसट अक्षरांत: जिनिंग मशीन, उजवा हात, वेळ दोन वीस. पहिल्या दिवसापासून तो त्याच फाइलमध्ये होता. मी व्हरांड्यात खाली बसलो आणि तीन वेळा वाचला.

त्याच्या जोडीला माझी लॉगबुक होती. मी रोज पाळी संपताना लिहितो, त्या पहाटेही लिहिलं होतं: चौदा नंबर बंद, कारण, वेळ, कोण हजर. फिटर भावांनो, अशी वही ठेवा आणि त्याच दिवशी लिहा. पोलीस ठाण्यात जाऊन मी आणि पोरानं जबाबही दिले. मुकादमानंही अखेर खरं सांगितलं, त्याचे मी आभार मानले. हजेरीचा मुद्दा तर उभाच राहिला नाही, कारण त्या १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या, इथे मुकादमाच्या, माणसाची भरपाईही मूळ मालकाकडून मागता येत होती. आणि "त्यानं हात घातलाच का" हा प्रश्नही चालत नाही. साधा निष्काळजीपणा म्हणून भरपाई बुडत नाही.

हिशेब असा. कमाईची ताकद किती गेली ते त्या कायद्याच्या तक्त्यात टक्क्यांत होतं: अंगठ्याशेजारच्या बोटाच्या दोन पेरांचे ११ टक्के, मधल्याच्या एका पेराचे ७, मिळून १८. पगार १२,०००, त्याचे ६० टक्के ७,२००. वय २५, त्या वयाला कायद्याच्या तक्त्यात दिलेला गुणक २१६.९१. सगळ्याचा गुणाकार करून १८ टक्के काढले की २,८१,११५ रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. पुढे आलेला कागद होता चाळीस हजारांचा. स्टॅम्पवर हक्क सोडून दिला तरी कायद्यात तो करार टिकत नाही. तडजोड करायचीच तर तिचा करारनामा तेव्हा कलम २८ खाली भरपाई आयुक्तांकडे नोंदवून घ्यावा लागायचा. एक महिन्यापेक्षा जास्त उशीर झाला तर त्या कायद्यात १२ टक्के व्याज मागता येत होतं, आणि दाव्याची मुदत दोन वर्षं होती, त्यामुळे घाईनं सही करू नका.

बोटाच्या तुकड्याचं राहिलंच. आम्ही तो थेट बर्फात टाकून नेला होता. तसा नेऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. आमचा तुकडा चिरडलेलाच होता, जोडता आला नसता असं डॉक्टर म्हणाले. तरी ते माझ्या मनातून जात नाही.

करारनामा नोंदवला त्या दिवशी पोरानं उजव्याच हातानं सही केली, पेन अंगठा आणि मधल्या बोटाच्या उरलेल्या पेरांत धरून. सावकाश, पूर्ण नाव लिहून. चौदा नंबरवर कव्हर बसलंय. चारही बोल्ट मी रोज पाळीच्या सुरुवातीला हातानं तपासतो.