उजनी उणे असताना

जमीन विकणारा माणूस फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे आपणहून सांगत नाही. एजंटाने पाठवलेल्या ड्रोनच्या फोटोत उजनी धरणाचं पाणी थेट शेताच्या बांधाला भिडलं होतं, काठावर डेरेदार चिंच होती आणि मागे केळीची बाग. खाली लिहिलेलं, ‘पाच एकर, वॉटर टच.’ फोटो २०२२ च्या पावसाळ्यानंतरचा असणार, कारण २०२३ साली धरण भरलंच नव्हतं. आम्ही जागा बघायला निघालो तेव्हा २०२४ चा मे सरत आला होता आणि उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

बाहेरच्या लोकांना हे ‘उणे’ कळत नाही. उजनीत एकूण पाणी मावतं सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं तळाचं ६३.६६ टीएमसी मृत साठा धरलं जातं आणि त्याच्या वरच्या ५३.५७ टीएमसीची टक्केवारी रोज पेपरात येते. वरचं संपून मृत साठ्याला हात लागला की आकडा उणे. आमच्या सोलापूरचं पिणं, ऊस, साखर कारखाने, सगळं याच धरणावर, त्यामुळे इथे पोरंसोरंही उन्हाळ्यात ‘उजनी किती?’ विचारतात.

मी सोलापुरात मोजणी, लेआउट आणि फार्महाऊसची लहानमोठी बांधकामं करतो. माझ्याकडे आलेलं तरुण जोडपं साखर पेठेतलं, घरचा चादरीचा व्यवसाय. त्यातली मुलगी पुण्यात हॉटेलात नोकरी करून परतलेली. त्यांना ग्लॅम्पिंग करायचं होतं. आत पलंग, जोडून बाथरूम, बाहेर लाकडी डेक असे सहा तंबू. थंडीत मालदांडी ज्वारीचा हुरडा आणि पहाटे रोहित पक्षी दाखवायचे. कल्पना चांगली होती. हुरड्याला पुण्याहून गाड्या भरून लोक येतातच, ते रात्री राहिले तर धंदा होतो.

आधी आम्ही नान्नजकडे फिरलो. गवताळ माळ देखणा, नशीब असेल तर काळवीटही दिसतं. पण ते माळढोक अभयारण्य, भोवती संवेदनशील क्षेत्र. तिथे डेक ठोकायचा म्हणजे वनखात्याचे उंबरठे झिजवणं आलं. पंढरपूरला माणसं अमाप, पण ती येतात विठ्ठलासाठी. तंबूत झोपायला पैसे मोजणारा वारकरी मी तरी पाहिलेला नाही. मग राहिला करमाळा तालुक्यातला उजनीचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी.

कागद मी आधीच काढले होते. सातबारा स्वच्छ, भोगवटादार वर्ग १. हे मी मुद्दाम बघतो, कारण धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा वर्ग २ च्या असतात आणि परवानगीशिवाय विकता येत नाहीत. अडचण दुसरीच होती. या जोडप्याच्या नावावर कुठेच शेती नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंट म्हणाला, ‘ते करू आपण मॅनेज.’ हा शब्द ऐकला की मी वहीत फुली मारतो.

मोहोळला चहा, टेंभुर्णीवरून उजवीकडे, कंदरच्या केळीच्या बागा. शेतावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि ऊन भाजत होतं. मालक म्हणजे सत्तरीचे आबा, डोक्याला टॉवेल, हातात काठी. चिंच फोटोतलीच होती. पुढे मात्र पाणी नव्हतं. होता तो भेगाळलेला चिखल, त्यात वाळून कडक झालेले चिलापी मासे आणि त्यांचा वास.

‘आबा, पाणी कुठंय?’ मुलीने विचारलं.

‘त्या मोटारी दिसत्यात का ताई? त्याच्याबी म्होरं.’

लांबवर निळे ठिपके दिसत होते. पाणी हटत जातं तशा शेतकऱ्यांना मोटारी खाली सरकवाव्या लागतात. आबांनी त्या उन्हाळ्यात केबलचे नवे तुकडे जोडले होते, पाइप वाढवले होते, शेवटी चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणलं होतं. त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून दिवसातून दोनदा ती बघायला जायचा. एजंट सारखा म्हणत होता, पावसाळ्यात बघा, स्वर्ग आहे. खरं होतं ते. पण मार्चपासून जूनपर्यंत गिऱ्हाइकाला डेकवर बसवून दाखवायचं काय?

मी मोजणीचा जीपीएस रोव्हर लावला आणि सातबाऱ्याच्या हद्दीवरून चालू लागलो. खालच्या अंगाला वेड्या बाभळीच्या जाळीत पाय अडखळला. काठीने फांद्या बाजूला सारल्या तर अर्धा गाडला गेलेला हद्दीचा दगड निघाला. आबांनी टॉवेलाने त्यावरची माती पुसली आणि सहज म्हणाले, ‘हा धरणाचा. याच्या खालचं सरकारचं.’

चिंच दगडाच्या खाली होती. फोटोतला जवळजवळ सगळा हिरवा पट्टाही खालीच. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, इथे संपादनाची हद्द त्याच्याही वर होती. एजंटाच्या पाच एकरांतला दीडेक एकर आबांचा नव्हताच.

‘आबा, हे विकायला काढलं होतं?’ मी विचारलं.

‘मी कवा म्हनलो? ती गाळपेराची. पानी हटलं की पेरतो, आलं की सोडतो. माज्या नावावर न्हाई ती.’ मग एजंटाकडे बघून, ‘यांनी फोटो काढला वरून. वरून कसला दगड दिसतोय?’

एजंटाला तेवढ्यात फोन आला. गाडीच्या सावलीत जाऊन तो बराच वेळ बोलत राहिला.

दगडाच्या वर उरली ती काळी माती. उसाला सोन्यासारखी, तंबूला वैरी. शेजारच्या शेतात जेसीबी होता, त्याला पैसे देऊन एक खड्डा घेतला. सहा फुटांपर्यंत काळीच, मग पिवळट चोपण, मुरमाचा पत्ता नाही. जोडप्यातल्या मुलाला मी भेगेत हात घालायला सांगितला. कोपरापर्यंत गेला. पावसाळ्यात हीच भेग फुगून मिटते आणि दर वर्षी डेकचे पाय वरखाली करते. लाकडी जमीन वाकते, बाथरूमच्या पाइपाचे जोड निघतात. शोषखड्डाही चालत नाही, कारण ओली काळी पाणी पीत नाही. हे सगळं पाया खोल नेऊन सांभाळता येतं, पण मग खर्च तंबूचा राहत नाही, बंगल्याचा होतो.

दुपारी आबांच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ताक. पोरगा गप्प झाला होता. मुलीने मात्र आबांना विचारलं, तुमची आणखी जमीन आहे का? आबा हसले. म्हणाले, वर माळ हाय, पण तिथं कुसळसुद्धा धड उगवत न्हाई. रस्त्याच्या कामाला मुरूम नेतात लोक, आम्ही तो फुकट देतो.

जेवल्यावर वर गेलो. तरवड, घायपात, मधेच एक हिवर, आणि बुटाखाली करकरणारा मुरूम. पहार चार इंच जाऊन ठण्ण वाजली. मला तिथेच बरं वाटू लागलं. उंची मोजायची दुर्बीण लावली. माळाचा माथा धरणाच्या पूर्ण पातळीपेक्षा नऊ मीटर उंच निघाला. खाली चिंचेजवळ उभं राहिल्यावर फक्त चिखल दिसत होता. इथून त्या चिखलापलीकडचं पाणी चमकत होतं, अगदी उणे धरणातही. गावरस्ता माळाला लागूनच होता. खालच्या शेताला शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या बांधावरून, नकाशावरच्या पाणंदीत ऊस उभा. म्हणजे एजंटाच्या जागेत पाहुणा पोचणार तो शेजाऱ्याच्या मर्जीने.

साडेचारच्या सुमारास पश्चिमेला आभाळ काळवंडलं. आबा म्हणाले, गाडीत बसा. त्याच महिन्यात, २१ मे रोजी, कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले होते. गावात अजून तोच विषय होता. मी मात्र बाहेर थांबलो, कारण मला वारा कुठून आणि कसा येतो ते बघायचं होतं. आला तो सरळ फुगवट्यावरून, आडकाठी नसलेला. माझी छत्री उलटली, दुर्बिणीसोबतची मापाची पट्टी आडवी झाली, मुरमाचे खडे पोटऱ्यांना लागले. पाऊस पडला चार थेंब. पण माथ्याच्या मागच्या उतारावर, दगडी ताल, म्हणजे बांध, आहे तिथे, मी पाठ टेकून वहीत लिहू शकत होतो. तंबू माथ्यावर नकोत, या उतारावर हवेत. दारं पूर्वेला, पाठ वाऱ्याला, प्रत्येक खुंट्याला मुरमात काँक्रीटचा गड्डा, आणि मेच्या मध्यापासून कापड उतरवून ठेवायचं. माथ्यावर फक्त बसायचा कट्टा. हे सगळं मी तिथेच काढलं, कागदावर धूळ होती तशीच.

पोरगं अजून चिंचेतच अडकलं होतं. ‘काका, पण फोटो पाण्याजवळचा हवा ना?’ त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बुकिंग फोटोवरच होतं. मुलगी म्हणाली, ‘फोटो कट्ट्यावरून काढू. पाहुणा आल्यावर जे दिसेल तेच फोटोत असू दे.’ हॉटेलात तक्रारींच्या खिडकीवर बसलेली मुलगी ती.

खरेदीचा विषय तिथेच संपला. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला स्वतःच्या किमान एक एकर जमिनीवर केंद्र काढता येतं. मी सुचवलं की केंद्र आबांच्या नावाने नोंदवा, भांडवल आणि कारभार तुमचा, दोघांत नोंदणीकृत करार, आणि वकिलाकडून प्रत्येक ओळ वाचून घ्या. आबांच्या सुनेने आतूनच विचारलं, ‘जेवण कोण करणार?’ तुम्हीच, म्हटल्यावर ती बाहेर आली आणि ताटाचा दर ठरल्याशिवाय आत गेली नाही. हुरडाही त्यांच्याच शेतातला. पोरगं तेव्हा पहिल्यांदा हसलं.

भाडं ठरवायला दुसऱ्या दिवशी बसायचं होतं. सकाळी सातला आबांचा फोन आला.

‘सायेब, रात्री पोरांनी हिशेब केला. काळीचं भाडं हाय तेवढंच. माळाचं डबल.’

‘आबा, काल तर मुरूम फुकट देत होता.’

‘काल तुम्ही मापला नव्हता की.’

दीडपटीवर जमलं.