जायफळाच्या गावी घासाघीस

भाचीला पांढरा कोट मिळणार म्हणून आम्ही कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या छोट्या बेटावरच्या देशाला गेलो. डॉक्टरकी शिकायला आलेल्यांना पहिल्याच सत्रात तो समारंभपूर्वक घालतात. दोन दिवस समारंभ, फोटो आणि भाचीच्या मैत्रिणींच्या आईवडिलांशी 'तुम्ही कुठले' यात गेले. तिसऱ्या दिवशी ग्रँड आन्स किनाऱ्यावर एका बाईंकडून मसाल्याची माळ घेतली. जायफळ, दालचिनी, लवंग, हळकुंड, सगळं दोऱ्यात ओवलेलं. बाईंनी सांगितलेला भाव मी सवयीने निम्म्यावर आणला आणि जिंकल्यासारखा हॉटेलवर आलो.

चौथ्या दिवशी मात्र मी हट्टाने जायफळाच्या गुयाव गावी गेलो. बायको म्हणाली, "सात समुद्र ओलांडून जायफळ बघायला?" पण ज्या देशाने झेंड्यावर जायफळ काढलंय तिथे ते न बघता परत येणं मला पटेना. राजधानी सेंट जॉर्जेसच्या बसतळावरून मिनीबस सुटते. चौघांच्या जागेत पाच जण, कानठळ्या बसवणारं गाणं, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. उतरायचं असेल तर टपावर टकटक करायची. मला आधी लाज वाटली, म्हणून एक थांबा पुढे गेलो.

गुयावचं जायफळ केंद्र म्हणजे जुनी लाकडी इमारत. आत शिरताच वास असा आला की गुहागरच्या काकांचं माजघरच डोळ्यांपुढे उभं राहिलं. माहिती सांगणाऱ्या बाई सगळ्यांना 'डार्लिंग' म्हणत होत्या. त्यांनी एक पिकलेलं फळ फोडलं. आत काळपट बी आणि तिला बिलगलेली लालभडक जायपत्री. बाकीचे पर्यटक 'आहा' म्हणाले. मी गप्प. बाईंनी विचारलं, "आधी पाहिलंय का?" मी म्हटलं, काकांनी सुपारीच्या बागेत बी लावून एक झाड वाढवलं होतं. सात वर्षं पाणी घातलं, फुलावर आलं तेव्हा कळलं, नर आहे, फळ धरणारच नाही. बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की माल निवडणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तुम्हाला आयव्हन समजावून सांगायला नको."

७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन वादळ इथून गेलं. तोवर जायफळाच्या निर्यातीत इंडोनेशियाखालोखाल ग्रेनाडाचं नाव होतं. वादळाने बहुतेक झाडं मुळासकट उपटली आणि पुढच्याच वर्षी एमिली आलं. ऊस बुडाला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. इथे बी लावल्यावर फळाला सहा ते आठ वर्षं, त्यातही साधारण निम्मी झाडं नर. पन्नाशीतल्या शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पुन्हा लावायचं?

वरच्या मजल्यावर सुकवायचे लाकडी तक्ते रांगेने होते. त्यांवर बिया पसरून आठवडेच्या आठवडे लाकडी दाताळ्याने खालीवर करतात. मग कवच फोडून गर पाण्यात टाकतात. बुडेल तो चांगला, तरंगेल तो तेलासाठी. मी पाहिले तेव्हा बरेच तक्ते रिकामे होते. इतक्या मोठ्या जागेत एवढासा माल. त्या रिकाम्या लाकडालाही वास येत होता.

१९४७ पासून इथे शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. माल घातला की पौंडावर पहिली उचल, विक्रीनंतर उरलं तर दुसरा हप्ता. मी सांगलीकडच्या साखर कारखान्यांचं सांगायला लागलो, पण बाईंना पुढचा गट घ्यायचा होता.

आता जायफळ, कोको, मासे परदेशी जातात खरे, पण देश चालतो तो मुख्यतः पर्यटकांवर आणि १९७७ पासून चाललेल्या भाचीच्या मेडिकल विद्यापीठावर. म्हणजे आमच्यावर. भाचीची फी ऐकून मेहुण्यांना घाम फुटला होता, त्यातला काही पैसा इथल्या घरमालकांपर्यंत पोचतो, हे त्यांना सांगून फायदा नव्हता. उलट सुपरमार्केटात गेलो तर कांदा बाहेरचा, कोंबडी बाहेरची. किमती बघून आम्ही तीन दिवस पावावर काढले. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. प्रत्येक बिलाला भागाकार करत बसायचं आणि तरी महागच.

परतताना किनाऱ्यावर त्या बाईंना शोधलं. माळेचे उरलेले पैसे देईन म्हणून. त्या दिसल्या नाहीत. दुसरीकडून आणखी एक माळ घेतली, या वेळी मुकाट्याने. बायको म्हणाली, दोन कशाला?

रात्री काकांना फोन लावला. वादळ, नर झाडं, रिकामे तक्ते, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं असू दे रे. पावसाळ्यात जायपत्री बुरशी न येता सुकवतात कशी, ते विचारलंस का?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.