बेगमी

नागपूर, २४ मे

उद्यापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागत आहे. मी सांभाळतो त्या वसतिगृहाच्या कोठीत पावसाळ्याच्या चार महिन्यांचा गहू भरण्याचे काम आज संपले. इतवारीच्या बाजारातून आणलेली पोती गच्चीवर पसरून त्यांना कडक ऊन दिले, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून गहू कोठ्यांत ओतला, आणि नोंदवहीत आकडा लिहिताना ‘गव्हाची बेगमी झाली’ असे शब्द आपसूक उतरले. बेगमी, म्हणजे पुढच्या दिवसांसाठी करून ठेवलेली तरतूद, हा आईच्या तोंडचा शब्द. परंतु तो मला पुरता समजला तो शिवाजी महाराजांच्या एका पत्रातून.

हे पत्र १६७४ च्या राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे, चिपळूण भागात छावणीला असलेल्या पागेच्या, म्हणजे घोडदळाच्या, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, असे त्याचे सार सांगितले जाते आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते. मला मात्र त्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. पागेसाठी राखलेला दाणावैरणीचा साठा लष्कराच्या मुक्कामात खर्च झाला होता. गडागडांवरून मिळेल तो गल्ला गोळा करून जेमतेम बेगमी केलेली होती. ती आहे तोवर मन मानेल तशी उधळाल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, त्यांना तुम्हीच मारले असे होईल. आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, सरपण उचलू लागाल, असे महाराज पायरी पायरीने दाखवीत जातात. उधळपट्टी इथे आणि त्रास तिथे, मधे कुठेही दुष्ट माणूस नाही.

गेल्या वर्षी मी नेमके हेच केले. जुलैत मुले आली, तूरडाळ भरपूर दिसत होती, आणि घट्ट वरणाचे कौतुक ऐकायला मलाही आवडत होते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डबा खडखडला. सणांच्या तोंडावर चढ्या भावाने डाळ घेतली आणि ती तोंडमिळवणी करताना रोज भाजी देणाऱ्या बाईचे पैसे तीन आठवडे थकवले. ती काही बोलली नाही, फक्त मेथीच्या जुड्या मोजून देऊ लागली. आधी ती दोन-तीन वर टाकत असे. पत्रातला कुणबी मला तेव्हा दिसला.

पत्राचा पुढचा भाग आगीविषयी आहे, आणि तो वाचताना मला पूर्वी हसू येत असे. कोणी नको तिथे चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, मग गवत पेटून सगळी पागा जाईल, असा तो इशारा आहे. एवढ्या मोठ्या राजाने उंदराचा विचार करावा, याचे नवल वाटे. काल रात्री ते नवल संपले. परीक्षेसाठी थांबलेल्या मुलांच्या खोलीबाहेरचा कूलर चालू होता, टाकीतले पाणी संपले होते, त्याची गवती ताटी कोरडी ठणठणीत झाली होती, आणि दोनच्या सुमारास जळका वास आला. बटण बंद करून मागची ताटी काढली, तर मोटरची वायर उंदराने कुरतडून तांबे उघडे पाडलेले, आणि शेजारच्या ताटीतल्या वाळलेल्या वूडवूलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, रुपयाएवढा भाग काळा पडलेला. आणखी पाऊण तास मी झोपलो असतो तर काय झाले असते, हे मोजण्याची हिंमत झाली नाही.

महाराज तिथे पुढे म्हणतात की, आग लागल्यावर गर्दना मारल्या किंवा कारकुनांना ताकीद दिली, तरी त्यातून जळालेले घर उभे राहण्यासाठी एक लाकूडही मिळणार नाही. शिक्षेचा पूर्ण अधिकार हाती असलेल्या माणसाने तिचे निरुपयोगीपण इतक्या कोरडेपणाने लिहावे, हे मला या पत्रातले सर्वांत धाडसी वाक्य वाटते. मी मात्र आजवर ‘वस्तू जपून वापरा, अन्यथा कारवाई होईल’ एवढीच पाटी लावत आलो.

आज ती पाटी काढली आणि पानभर मजकूर लिहिला: आठवड्याला किती डाळ, ती अधिक लागली तर कोणत्या तारखेला संपेल, मग पैसे कोणाचे थकतील, कूलरची टाकी कोणी कधी भरायची, आणि उंदीर काय करतो. स्वयंपाकाच्या काकूंना वाचून दाखवला. त्यांनी कापलेली वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि “बरं” एवढेच म्हणाल्या. रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर देव्हाऱ्यातली समई पाण्याने भरलेल्या परातीत उभी केलेली होती.