शेवटच्या सहा मीटरांची जबाबदारी : आमची वाटचाल

गाड्यांत आणि इमारतींत उपग्रहावरून बोलणारे रेडिओ संच बसवणे हा आमचा व्यवसाय, पण त्याची सुरुवात उपग्रहांपासून झाली नाही. माझे भागीदार मुळात गाड्यांच्या वायरिंगचे कारागीर होते आणि मी व्हीएचएफ, म्हणजे साधारण नजरेच्या टप्प्यात चालणारे, रेडिओ संच दुरुस्त करत असे. एकाच कार्यशाळेच्या दोन कोपऱ्यांत आमची दोन बाके होती. वीजवाहिन्यांची देखभाल करणारी पथके, वनरक्षक, बचावदले आणि खाणींची वाहने हे आमचे नेहमीचे ग्राहक. त्यांच्या गाड्यांत रेडिओ बसवून देणे, अँटेना बदलणे, बिघडलेला माइक दुरुस्त करणे अशी कामे चालत. त्या काळात या मंडळींकडून एक तक्रार इतक्या वेळा ऐकली की ती पाठ झाली होती : डोंगराच्या अलीकडे रेडिओ स्वच्छ चालतो आणि पलीकडे गेले की मुका होतो. प्रत्येक डोंगरावर रिपीटर, म्हणजे आलेला संकेत पुढे पाठवणारे यंत्र, उभारणे कोणालाच परवडणारे नव्हते, आणि जिथे रिपीटर होता तिथे वादळात नेमकी त्याचीच वीज जात असे.

नव्वदच्या दशकात या अडचणीवर उत्तर आले. १९९५ मध्ये एएमएससी-१ आणि १९९६ मध्ये एमसॅट-१ हे दोन भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच ठिकाणी दिसणारे, उपग्रह उत्तर अमेरिकेसाठी अवकाशात गेले. त्यांच्यामुळे गाडीतल्या संचाचे बटण दाबून खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या पथकाशी, आणि गटातील सर्वांशी एकाच वेळी, बोलता येऊ लागले. १ नोव्हेंबर १९९८ रोजी इरिडियम या फिरत्या उपग्रहांच्या जाळ्याची सेवा सुरू झाली आणि जगाच्या कोणत्याही भागातून, अगदी ध्रुवांजवळूनही, बोलण्याची सोय झाली. आम्ही पहिला उपग्रह संच हाती घेतला तो याच सुमारास. त्याची पुस्तिका आम्ही दोघांनी तीन रात्री बसून वाचली आणि चौथ्या दिवशी, मनावर बराच ताण घेऊन, एका बचाववाहनाच्या टपाला भोक पाडले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९९ मध्ये, इरिडियम चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आमच्याकडच्या मागण्या जवळपास थांबल्या. २००१ मध्ये नव्या मालकीखाली ती सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही वायरिंगच्या जुन्या कामांवर दिवस काढले. त्या दोन वर्षांत हा व्यवसाय सोडून देण्याचा विचार मनात आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

आम्ही टिकलो, त्यामागे एक गोष्ट होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथपर्यंतच्या अंतराची काळजी वाहणारे अभियंते, नियंत्रण केंद्रे आणि मोठमोठ्या संस्था असतात. मात्र अँटेनाच्या बुडापासून संचापर्यंत आणि संचापासून बॅटरीपर्यंतचे जे शेवटचे सहा मीटर असतात, त्यांची काळजी त्या दिवशी पाना हातात असलेल्या माणसाशिवाय दुसरे कोणीही घेत नाही. दुरुस्तीसाठी आमच्याकडे आलेल्या संचांपैकी बहुतेक संच मुळात ठणठणीत असत. दोष वायरीत, कनेक्टरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा अँटेनाच्या जागेत असे. हे उमगल्यावर आम्ही संच विकण्यापेक्षा ते नीट बसवण्याकडे वळलो आणि आजही तेच करतो.

कार्यशाळेतील एका फळीवर आम्ही एक एन-कनेक्टर, म्हणजे अँटेनाची केबल जोडणारा धातूचा जोड, जपून ठेवला आहे. बाहेरून तो अगदी नवा दिसतो. उघडून पाहिले तर मधल्या पिनवर हिरवट पूड जमलेली आहे आणि आतल्या पांढऱ्या प्लास्टिकवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. हा कनेक्टर आम्हीच बसवलेला होता. टपावरून उतरणाऱ्या केबलला आम्ही झोल दिला नव्हता. त्यामुळे पावसाचे पाणी केबलच्या अंगावरून ओघळत थेट सांध्यापर्यंत आले आणि साध्या चिकटपट्टीच्या थरातून हळूहळू आत झिरपले. संच सहा महिने चालला, मग आवाज तुटू लागला. वनविभागाच्या त्या गाडीचे चालक आम्हाला म्हणाले, "अहो, सेट चालू आहे, पण पलीकडचं कुणी ऐकतच नाही." तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बाह्य सांध्यावर आधी ताणून गुंडाळल्यावर एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप असे दोन थर चढतात, आणि केबल सांध्याकडे नेहमी खालून वर चढते. नवीन येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या हातात पहिल्या दिवशी आम्ही तो कनेक्टर देतो.

या कामात केबलची निवड ही लोकांना किरकोळ वाटणारी, पण सर्वांत महाग पडणारी चूक असते. या सेवा साधारण १.५ ते १.६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात, ज्याला एल-बँड म्हणतात. व्हीएचएफसाठी वापरली जाणारी बारीक केबल या वारंवारितेवर चार-पाच मीटरांतच निम्मी शक्ती गिळते. उपग्रहाकडून येणारा संकेत मुळातच इतका क्षीण असतो की त्यातला अर्धा वाटेत गमावणे परवडत नाही. म्हणून आम्ही शक्य तिथे जाड, कमी हानीची केबल वापरतो आणि गरजेपेक्षा लांब केबल गुंडाळून सीटखाली कोंबत नाही. गाडीच्या खांबांतून केबल नेताना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या वाटेत ती येणार नाही, हे त्या मॉडेलचा आराखडा पाहून ठरवावे लागते. अपघातात एअरबॅग नीट उघडली नाही, तर आमचा रेडिओ कितीही चांगला चालला तरी त्याला अर्थ राहत नाही.

वीजपुरवठ्याबाबत आम्हाला मिळालेला धडा अधिक कडू होता. एका बचावपथकाच्या गाडीत मागच्या कप्प्यात संच बसवताना आम्ही गाडीत आधीच असलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवरून वीज घेतली. कार्यशाळेत इंजिन चालू असताना सर्व काही व्यवस्थित चालले. काही आठवड्यांनी, रात्रीच्या शोधमोहिमेत, इंजिन बंद असताना त्यांनी बोलण्यासाठी बटण दाबले की संच बंद पडून पुन्हा सुरू होई. ऐकू सगळे येत होते, पण बोलता येत नव्हते. हिशेब साधा होता आणि तो आम्ही आधी करायला हवा होता. बॅटरीपासून संचापर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा मीटर. प्रक्षेपणाच्या वेळी दहा अँपिअर प्रवाह. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात तेवढ्या अंतरावर सुमारे १.४ व्होल्ट गळतात. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब आधीच उतरलेला असतो, त्यातून एवढे वजा झाले की संच स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली असती, तर हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहिली असती. त्या रात्री पथकाने दुसऱ्या गाडीवरून संपर्क साधला आणि कोणाचेही नुकसान झाले नाही. तरीही सकाळी त्यांच्या प्रमुखांसमोर उभे राहताना मला झालेली शरम आजही आठवते. आम्ही सगळे वायरिंग विनामूल्य बदलून दिले. आता बॅटरीपासून थेट स्वतंत्र वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि वायरीच्या टोकाला योग्य मापाचे, नीट दाबलेले थिंबल (धातूची टोपी) यांशिवाय आम्ही संच जोडत नाही. आणि गाडी ताब्यात देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून, दिवे लावून, दहा मिनिटे बोलून पाहतो.

याच्या उलट चूकही होते. संच कायम चालू राहावा म्हणून तो थेट बॅटरीला जोडून सोडला आणि तो स्वस्थ असतानाही अर्धा अँपिअर घेत असला, तर दिवसाला बारा अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे साठ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. म्हणून इग्निशनची, म्हणजे गाडीची किल्ली चालू-बंद झाल्याची, खूण संचाला देऊन, गाडी बंद झाल्यावर ठरावीक वेळाने तो झोपेल अशी व्यवस्था करावी लागते. चोवीस व्होल्टच्या मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट काढून घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जादा भरली जाते आणि शेवटी दोन्ही खराब होतात. तिथे चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणे हाच योग्य मार्ग आहे.

अँटेनाची जागा ठरवताना उपग्रह कोणता हे आधी पाहावे लागते. भूस्थिर उपग्रह आकाशात एकाच ठिकाणी असतो, पण गाडी वळत राहते, त्यामुळे त्या दिशेचा तिरपा भाग गाडी कोणत्याही तोंडाने उभी असली तरी मोकळा दिसला पाहिजे. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि डोक्यावरून जाणारा एक उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड होऊन संभाषण दुसऱ्याकडे सोपवतो, त्यामुळे तिथे चारी बाजूंचे आकाश हवे. टपाचा मध्य ही दोन्हींसाठी उत्तम जागा, पण ती जागा सगळ्यांनाच हवी असते : दिव्यांचा दांडा, सायरन, शिडी, सामानाची जाळी. एका अग्निशमन गाडीवर आम्ही अँटेना उत्तम जागी बसवली होती. पुढे तिथे उंच दिव्यांचा नवा दांडा आला आणि गाडी एका विशिष्ट बाजूला वळली की संपर्क जाऊ लागला. संच बदलण्याची तयारी झाली होती. आम्ही फक्त अँटेना एका उंच खुंटीवर चढवली.

जीपीएसची अँटेना हा आणखी एक नाजूक विषय आहे. जीपीएसचा नागरी संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, आणि इनमारसॅटसारख्या भूस्थिर उपग्रह सेवांचे ऐकण्याचे व बोलण्याचे पट्टे त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. सुरुवातीला सोय म्हणून आम्ही दोन्ही अँटेना शेजारी-शेजारी लावत असू आणि बोलण्याचे बटण दाबताच नकाशावरून गाडी नाहीशी होई. टपावर जेवढे अंतर मिळेल तेवढे दोघींमध्ये ठेवणे, हा आमचा तेव्हापासूनचा नियम.

स्थिर ठिकाणांची कामे, म्हणजे रुग्णालयांचे आपत्कालीन कक्ष, धरणांची नियंत्रणगृहे, वीज उपकेंद्रे, आमच्याकडे नंतर आली. ती गाड्यांपेक्षा सोपी असतील असे वाटले होते. भूस्थिर उपग्रहासाठी दिशा आणि उंचीचा कोन गणिताने मिळतो, पण होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते आणि गणित खरी उत्तर मागते. त्यातच लोखंडी छतावर उभे राहिल्यास सुई भलतीकडेच वळते. आम्ही आधी जमिनीवर, लोखंडापासून दूर, दिशा निश्चित करून दूरची एखादी खूण धरतो आणि मग वर चढतो. पानगळीच्या दिवसांत केलेल्या एका कामात संकेत उत्तम मिळाला होता. पालवी फुटल्यावर तोच संकेत निम्म्यावर आला, कारण उपग्रहाच्या दिशेला असलेली झाडे तेव्हा नुसत्या फांद्यांची होती. एल-बँडवर पावसाचा फारसा परिणाम होत नाही, भिजलेल्या पानांचा मात्र होतो. आता जागेची पाहणी करताना आम्ही झाडाची जात विचारतो आणि ते अजून किती वाढेल याचाही अंदाज घेतो. विजेपासून संरक्षणासाठी केबल इमारतीत शिरते तिथेच सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा लोंढा जमिनीत वळवणारे साधन, बसवून त्याचे अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडणे आम्ही कधीही टाळत नाही, मग ग्राहकाला तो खर्च अनावश्यक वाटला तरी.

बसवून झाल्यावर आम्ही स्वतः बोलून काम संपवत नाही. ज्या व्यक्ती प्रत्यक्ष तो संच वापरणार आहेत, रात्रपाळीच्या परिचारिका, चालक, पंपचालक, त्यांच्या हातात हँडसेट देतो. भूस्थिर उपग्रहावरून आवाज वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो, आणि मधल्या केंद्रातून पुन्हा फेरी झाली तर अर्धा सेकंद. हे माहीत नसलेली व्यक्ती बटण दाबताच बोलू लागते आणि पहिले दोन शब्द हरवतात. "बटण दाबा, टोन ऐका, मग बोला" हे आम्ही प्रत्येक संचाशेजारी मोठ्या अक्षरांत लावतो आणि प्रत्येकाकडून तीन वेळा करून घेतो. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी सर्व संचांवरून हजेरी घ्यावी, असा आग्रह आम्ही धरतो. हे संच वर्षातील बहुतेक दिवस गप्प असतात. ज्या दिवशी दूरध्वनी, मोबाइल आणि वीज एकदम जातात, त्या दिवशी कपाटातून पुस्तिका शोधायला कोणालाही वेळ नसतो.

आज आम्ही सात जण आहोत. मधल्या काळात उपग्रहांच्या पिढ्या बदलल्या. २०१७ ते २०१९ या काळात इरिडियमने ७५ नवे उपग्रह सोडून आपला जुना ताफा बदलला आणि जुने संच त्यावर चालू राहिले, तेव्हा हायसे वाटले. एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ या दूरध्वनी सेवा देणाऱ्या उपग्रहात बिघाड होऊन आशिया-प्रशांत भागातील त्याची सेवा थांबली, तेव्हा अनेक ठिकाणचे चांगले संच एका दिवसात निरुपयोगी झाले. त्या घटनेनंतर आम्ही प्रत्येक नव्या कामात एक रिकामी नळी, एक जादा वीजजोड आणि सुटी करता येणारी अँटेनाची बैठक ठेवू लागलो. प्रत्येक गाडीच्या नोंदवहीत टपावरील भोकाचे माप, जागा आणि छायाचित्र असते.

गेल्या महिन्यात आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाची नवी गाडी आली. टप वेगळा, वायरिंग वेगळे, संचही तिसऱ्या पिढीचा. माझ्या भागीदारांनी टपाच्या आतले अस्तर उतरवले, आडव्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या आणि मध्यावर खडूने खूण केली. मग ड्रिल आमच्याकडील सर्वांत नव्या तंत्रज्ञ मुलीच्या हातात दिले. तिने आधी खालून लाकडी ठोकळा लावून घेतला, भोक पाडले, त्याच्या उघड्या कडेचा रंग खरवडून पत्र्याची पांढरी कड दिसेपर्यंत घासले, गंजरोधक लावले आणि मग रबरी वॉशर बसवून टॉर्क पान्याने नट आवळला. संध्याकाळी गाडीचे चालक आले, इंजिन बंद ठेवून त्यांनी हँडसेट उचलला, टोन ऐकली आणि आपल्या तळाला हाक दिली.