खाऱ्या पाण्यातली हरळी

पहिलं समुद्रफूल दिसलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात चाळीस गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यासाठी आणलेल्या प्रवाळाच्या बुडाशी ते फुकट आलं होतं. पेराएवढं, फिकट तपकिरी, काचेसारखं आरपार. नाव फुलाचं, पण आहे प्राणी. "किती गोड!" ती म्हणाली. त्याला एप्टेशिया म्हणतात हे कळेपर्यंत सात झाली होती.

मी चिमटा घेतला आणि उपटली. वरचा भाग हातात आला, तळव्याच्या चिंध्या दगडालाच चिकटून राहिल्या. पंधरा दिवसांत प्रत्येक चिंधीला मिशा फुटल्या. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. जन्म शेतात गेलेला माणूस. एकदाच बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही हरळी. ओढून काढलीस ना? मग भोग आता."

यावर जुना उपाय चुन्याचा. छंदिष्ट लोक त्याला 'काल्कवासर' असं भारदस्त जर्मन नाव देतात. पण माल तोच, आजोबांच्या चंचीतला. इथे तो किराणा दुकानात लोणच्याच्या बरण्यांशेजारी मिळतो. पाण्यात दाट कालवायचा, सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करायचा. सुई हळूच तोंडाजवळ नेली की ते खाऊ समजून गिळतं. क्षणभर काहीच होत नाही. मग मिशा आत वळतात, अंग आक्रसतं आणि दगडावर पांढरी गाठ उरते. मला दर वेळी थोडं वाईट वाटायचं, मग पुढचं दिसायचं. एका दिवसात तीन-चारच मारायची. जास्त चुना गेला तर पाण्याचा पीएच चढतो आणि मासे कासावीस होतात. कपारीतली तर सुईला सापडतच नाहीत.

गंमत म्हणजे प्रवाळाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांत हेच मुद्दाम वाढवतात. प्रवाळासारखंच याच्याही अंगात शैवाल राहतं, आणि प्रवाळाचे नखरे मात्र नाहीत. 2015 साली याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. नखरे नाहीत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

एप्टेशिया खाते म्हणतात म्हणून पेपरमिंट कोळंबी आणली. तिने माशांचं खाणं फस्त केलं.

शेवटी बर्गिया आणल्या, आठ. इंचभरही नसलेली ही समुद्रगोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते. वर त्याच्या दंशपेशी न फोडता आपल्याच पाठीवरच्या झुबक्यांत साठवते, चोराचीच काठी. रात्री दिवे मालवून टॉर्च लावला की काचेवर तिच्या अंड्यांची पांढरी वेटोळी दिसायची. चार महिन्यांत टाकी लख्ख झाली.

आणि बर्गिया उपाशी पडल्या. दुसरं काही त्या तोंडात घेत नाहीत. हाती लागल्या तेवढ्या वेचून डब्यात ठेवल्या. ज्याच्या टाकीतून मूळ प्रवाळ आणला होता, त्याच्याकडून मूठभर एप्टेशिया मागून आणलं. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी आहे. रोज सकाळी चहा टाकला की मी त्यातल्या समुद्रफुलांना खाऊ घालतो.