मुलांना नदीवर न्यायचंय? आधी भरतीची वेळ बघा

गोव्यातल्या आमच्या फोंड्याकडच्या आठवी ते अकरावीच्या मुलांना घेऊन आम्ही काही जण हिवाळ्यात कयाकने नदीवर जातो, कोणी कनू म्हणतं कोणी होडी, नावावर भांडण नाही. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, नऊला ठेवा ना, रविवारी पोरं उठत नाहीत. आता नऊला ओहोटी लागलेली असेल तर छोट्या खाडीत नुसता चिखल, तिथे पॅडल मारणार कसं? भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाण्याला ओढ पण जास्त. म्हणून हल्ली मी ग्रुपवर वेळ टाकतच नाही, भरतीचा तक्ता टाकते आणि मुलांनाच सांगते तुम्ही ठरवा. दोन दिवस वाद घालतात, पण ट्रिपचा अर्धा अभ्यास घरातच होतो.

आमच्याबरोबर जो गाईड दादा असतो तो नदीकाठचाच, घरी पिढ्यान्पिढ्या मासेमारी. तो बोलतो फार कमी आणि मला तेच आवडतं. काही ट्रिपा मी अशा बघितल्यात की गाईड माईक घेतल्यासारखा सुरू, हा खंड्या, हा बगळा, ही घार, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, आणि मुलं मागे एकमेकांवर पाणी उडवतायत. (उडवू देत, त्याला माझी ना नाही.) हा दादा खारफुटीत शिरलं की पॅडल आडवं ठेवतो आणि म्हणतो, "पळय मरे," म्हणजे बघ रे. काय बघायचं ते सांगतच नाही! मग दोन मिनिटांत कोणाला तरी चिखलावर उड्या मारणारा मासा दिसतो, कोणाला एकच नांगी मोठी असलेला खेकडा, आणि प्रश्न सुरू होतात.

वासाची तक्रार मात्र प्रत्येक वेळी असते. "शी, सडलेली अंडी!" अकरावी सायन्सवाल्यांना लगेच हायड्रोजन सल्फाईड आठवतो, लॅबमधला. बरोबर आहे, चिखलात खाली ऑक्सिजनच नसतो, तिथले जिवाणू तो गॅस तयार करतात. मग दादा तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या दाखवतो, खाली हवा नाही म्हणून झाडाने वर काढलेल्या. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावायला सांगतो, खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाच्या लांब हिरव्या शेंगा म्हणून मुलं ज्या तोडायला जातात त्या शेंगा नाहीतच, झाडावरच उगवलेली रोपं आहेत, पिकली की खाली पडतात, चिखलात रुततात नाहीतर पाण्याबरोबर वाहत दुसरीकडे जाऊन रुजतात. मुळ्यांना हात लावायचा नाही एवढं एकच दादा ओरडून सांगतो, कारण त्यांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, असतात आणि कालवांच्या धारेने बोट असं कापतं की रक्त थांबत नाही.

मांडवी नदीत भरतीचं पाणी समुद्रापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत चढतं हे सांगितलं की मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. आमच्या नळाला येणारं ओपाच्या पाणी प्रकल्पाचं पाणी खांडेपार नदीचं, आणि खांडेपार पुढे मांडवीलाच मिळते, म्हणजे सकाळी ज्या पाण्याने तोंड धुतलं त्याच नदीच्या खालच्या टोकाला आपण वल्हवतोय, हे एकदा डोक्यात शिरलं की बाटली पाण्यात टाकताना हात जरा तरी अडखळतो. सगळ्यांचा नाही अडखळत, खोटं कशाला सांगू.

मला सगळ्यात जास्त मजा मानशीजवळ येते. मानस म्हणजे खाजन शेताच्या, खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधात बसवलेली लाकडी दारं, ना मोटर ना वॉचमन, भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशी बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तशी उघडतात. एका मुलाने विचारलं, मग आत अडकलेले मासे कोणाचे? मानशीवर जाळं लावायच्या हक्काचा लिलाव होतो, ज्याने घेतला त्याचे. हे कळल्यावर पक्षी राहिले बाजूला, परत येईपर्यंत सगळी चर्चा लिलावात किती पैसे लागतात आणि कोण पार्टनर होणार यावरच.

पावसात आम्ही अजिबात जात नाही, गढूळ पाणी, जोराची ओढ, वर झाडं वाहून येतात. लाईफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही घालावंच लागतं, मोबाईल पाऊचमध्ये. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, जागा छोटी आहे, १.७८ चौरस किलोमीटर, गलका केला की पक्षी उडालेच. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मुलांना कयाकवर नेऊ नका, तिथे मगरी आहेत, अगदी खऱ्या. त्या बघायच्याच असतील तर मोठ्या बोटीतून बघा, नाहीतर पौष अमावस्येला दुर्भाट-आडपईकडे जा, तिथे चिखलाची मगर करून पुजतात, तिच्या शेजारी मुलांना कितीही वेळ बसू द्या.